गिरणीपर्यंत किती मिनिटं? आपली वस्ती स्वतः मोजा

माझी सगळी नोकरी आरेखक म्हणून नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे ‘आमच्याकडे सगळं जवळच आहे हो’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुणाच्या पायांनी? ‘पंधरा मिनिटांचं शहर’ म्हणजे रोज लागणारं सगळं घरापासून पंधरा मिनिटांत, पायी किंवा सायकलवर. ही कल्पना शहरांचे अभ्यासक कार्लोस मोरेनो यांनी २०१६मध्ये पॅरिसमध्ये मांडली. पुण्याच्या पेठा तशाच जगत आल्या, पण नव्या सोसायट्यांच्या भागात हे सुख मुद्दाम आणावं लागतं.

आधी यादी करा. दूध, भाजी, किराणा, पिठाची गिरणी, औषधं, डॉक्टर, बालवाडी, शाळा, बसथांबा, बाक असलेली बाग. मॉल खोडा. तो रोज लागत नाही.

मग संध्याकाळी सहाच्या सुमाराला, हातात भरलेली पिशवी घेऊन प्रत्येक ठिकाणी चालत जा. वेळ घराच्या दारापासून मोजायचा. लिफ्टची वाट पाहायला आणि रस्ता ओलांडायला लागलेला वेळही त्यात धरायचा. शक्यतो घरातल्या आजीला सोबत न्या. धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत किलोमीटरभर सहज जातो, गुडघे दुखणारी आजी निम्म्यातच दमते. कागदावर तिची मिनिटं लिहा, तुमची नव्हे.

आता भिंती बघा. माझ्या मते निम्मा दोष इथेच असतो. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे भाजीवाल्यांची रांग आहे, पण मागच्या फाटकाला कायम कुलूप. मग मेथीच्या जुडीसाठी मुख्य रस्त्यावरून सगळा वळसा! असं फाटक सापडलं तर सर्वसाधारण सभेत ठराव मांडा: एक माणूस जाईल एवढा दिंडी दरवाजा, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ उघडा. चोऱ्यांची भीती घालणारे निघतील. त्यांना आजीचा आकडा वाचून दाखवा. आणि त्या हातगाड्या हटवा म्हणून तक्रार करू नका. पथविक्रेत्यांना २०१४च्या कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय तुमच्या दारापर्यंत मंडई आणणारी याहून स्वस्त सोय नाही.

पदपथाला टेप लावा. चालायला १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. खांब, गाड्या, फलक वजा करून काय उरतं ते लिहा.

एखादी गोष्ट जवळपास नाहीच, तर पालिकेचा विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी हे ठरवणारा नकाशा, उघडा. शाळा, मंडई, दवाखाना, मैदान यांची आरक्षणं, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जागा, तिथे रंगांनी दाखवलेली असतात. आपल्या भागातल्या आरक्षित जागेचा सर्व्हे नंबर टिपा आणि ती पालिकेच्या ताब्यात आहे का, हे माहिती अधिकारात विचारा. घाई करा, कारण आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं.

लहान कामांसाठी पुण्यात २००६-०७पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. त्यात आपल्या भागातली कामं नागरिकच पालिकेला सुचवतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. त्यात ‘पदपथ सुधारणा’ असं मोघम लिहू नका. अमुक फाटकापासून बसथांब्यापर्यंत, या तीन ठिकाणी उतार आणि औषधाच्या दुकानापाशी एक बाक, असं लिहा. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा.