फिश टँकसाठी लाकूड निवडताना आणि तयार करताना या चुका टाळा

टँकमध्ये नवं लाकूड ठेवलं की पहिल्या काही दिवसांत दोन गोष्टी बहुतेक वेळा होतात. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं आणि लाकडावर पांढरट, बुळबुळीत जाळं धरतं. अनेक जण इथेच घाबरतात, लाकूड बाहेर काढून फेकतात आणि सगळं पाणी बदलून टाकतात. या दोन्ही गोष्टींनी सहसा मासे मरत नाहीत. ते मरतात लाकडात मुरलेल्या मिठाने, कीटकनाशकाने, तेलाने किंवा त्या झाडाच्या स्वतःच्या विषाने, आणि यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लाकूड हातात घेतल्यावर आधी ते कुठून आलं हे विचारा. आकार नंतर बघा.

फुकट मिळालं म्हणून उचललं

नाशिक-सांगलीकडे जुन्या द्राक्षबागा काढल्या की बांधावर खोडांचे ढीग पडतात. पिळदार, गाठाळ, प्रत्येक तुकडा वेगळा. टँकसाठी याहून देखणं लाकूड शोधून सापडणार नाही, आणि तरीही ते घेऊ नका. केवडा आणि भुरी रोखण्यासाठी त्या वेलींवर वर्षानुवर्षं फवारण्या झालेल्या असतात. बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, म्हणजे तांबं. तांब्याची अगदी थोडी मात्राही श्रिंप (टँकमधली छोटी कोळंबी) आणि गोगलगायींना मारते. खोडकिडा लागला असेल तर कीटकनाशक थेट खोडाच्या छिद्रात सोडलेलं असतं, ते सालीबरोबर सोलून निघत नाही. त्यात भर म्हणजे द्राक्षाचं लाकूड पाण्यात लवकर कुजतं. सरड्यासाठी कोरडी पेटी सजवायची असेल तरीसुद्धा फवारणी न झालेल्या वेलीचंच लाकूड घ्यावं.

समुद्रावर वाहून आलेल्या लाकडाचं आकर्षण मी समजू शकतो. लाटांनी घासून ते गुळगुळीत झालेलं असतं, साल गेलेली असते. पण पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात आणि तेच तेल लाकडाच्या भेगांत शिरतं. तुकडा तासभर उन्हात तापवा आणि नाकाजवळ धरा. डिझेल किंवा डांबराचा जरासा वास आला तरी तो सोडून द्या, कितीही उकळलात तरी तो सुधारणार नाही.

वास नसेल तर प्रश्न उरतो मिठाचा. तो सोडवता येतो, पण अंदाजाने नाही. आरओ असलेल्या घरात पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बहुधा असतोच. लाकूड भिजवायच्या आधी नळाच्या पाण्याचा आकडा लिहून ठेवा आणि २४ तासांनी लाकूड भिजवलेल्या पिंपातल्या पाण्याचा घ्या. आकडा बराच चढला असेल तर मीठ अजून निघतंय. पाणी बदला, पुन्हा मोजा. दोन आकडे जवळजवळ सारखे येईपर्यंत हे चालू ठेवा. जाड ओंडक्याला यात कित्येक आठवडे जातात. तेवढा धीर नसेल तर किनाऱ्यावरचं लाकूड घेऊच नका.

खाडीतली खारफुटी मात्र मेलेली असली तरी आणायची नाही. तिला कायद्याचं संरक्षण आहे आणि पडलेल्या खोडांत खेकड्यांपासून लहान माशांपर्यंत बरंच काही जगतं. शिवाय त्यातल्या गेवा या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर तात्पुरतं अंधत्व येऊ शकतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात फिरायला गेलात तर तिथूनही काही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय तिथली वनोपज बाहेर नेणं गुन्हा आहे.

वखारीतले आणि सुताराकडचे तुकडे, जुन्या चौकटी, पॅकिंगची खोकी हे सगळंही बाद. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला क्लोरपायरिफॉससारखी औषधं लावलेली असू शकतात आणि पाण्यातल्या जिवांना ती अत्यंत घातक असतात. खोकी बऱ्याचदा चीड-पाइनची असतात आणि त्यांतून राळ सुटते. पुरात वाहून आलेलं लाकूड कारखान्यांच्या किंवा सांडपाण्याच्या खालच्या अंगाला सापडलं असेल तर तेही नको.

झाड न ओळखता फांदी तोडली

आपल्याकडे मासे पकडण्यासाठी वनस्पतींचं विष वापरायची जुनी पद्धत आहे. सह्याद्रीतले आदिवासी गेळफळ ठेचून डोहात टाकतात, मासे गुंगून वर येतात. हिंगणाच्या फळाचाही असाच उपयोग होतो. टँकसाठी लाकूड निवडताना हे ज्ञान उपयोगी आहे, कारण जे झाड माशांवर चालतं ते आपल्या टाकीत अजिबात चालणार नाही. करंज आणि कडुनिंबही टाळा. चीक असलेली झाडं, म्हणजे रुई, शेर, निवडुंग, चाफा, सरसकट वगळा. दोन्ही कण्हेरी, लाल आणि पिवळी, हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाच्या आहेत. बिब्ब्याला तर हातही लावू नका.

मग उरतं काय? घरच्या परसात, औषध न मारलेल्या पेरूची पूर्ण वाळलेली फांदी चांगली. ते लाकूड घट्ट असतं आणि त्याला सुरेख बाक असतो. झाडाची ओळख पक्की नसेल तर दुकानातून घ्या. आफ्रिकेतून येणारं मोपाने जड असतं आणि बहुधा लगेच बुडतं, पण रंग फार सोडतं. स्पायडर वुड म्हणून जे फाटेदार, फिकट लाकूड मिळतं ते आधी तरंगतं आणि त्यावर पांढरं जाळं सर्वांत जास्त धरतं. मलेशियन म्हणून विकलं जाणारं गडद लाकूड बुडायला सोपं. वजनावर घेत असाल तर ओलं लाकूड घेऊ नका, पाण्याचे पैसे जातात. चमक दिसली तर पॉलिशची शंका घ्या आणि ओला पांढरा रुमाल घासून पाहा.

ओलं लाकूड वाळलेलं समजणं

बाहेरून करडं दिसणारं लाकूड आत हिरवं असू शकतं. नखाने किंवा चाकूने खरवडा. आत हिरवट, ओलसर किंवा चिकट लागलं तर ते तयार नाही. बारीक फांदी वाकवल्यावर काडकन मोडायला हवी. मनगटाएवढ्या फांदीला सावलीत, हवेशीर जागी वाळायला कित्येक महिने लागतात. साल काढलीत तर वाळणंही लवकर होतं, आणि ती टँकमध्ये सुटून फिल्टर तुंबवत नाही.

उकळण्या-भिजवण्यातल्या चुका

साबण, फिनाइल आणि ब्लीच लाकडाला लावू नका. लाकूड ते शोषून घेतं आणि नंतर हळूहळू सोडत राहतं. ताठ ब्रश आणि साधं पाणी पुरेसं आहे. उकळायला जुनं पातेलं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं वापरू नका. तास-दोन तास उकळा, पाणी ओता, पुन्हा उकळा. यात बुरशी आणि किडे मरतात, रंग सुटतो आणि लाकूड लवकर बुडायला लागतं. कुकरमध्ये कोंबू नका, तुकड्याने वाफेची वाट अडली तर कुकर फुटू शकतो. ओव्हन आणि मायक्रोवेव्हमध्येही नाही, तिथे लाकूड पेट घेऊ शकतं. पातेल्यात न मावणारा तुकडा पिंपात उभा करून त्यावर उकळतं पाणी ओता, गार झाल्यावर उलटा करा.

यानंतर लाकूड आठवडा ते महिनाभर भिजत ठेवायचं असतं, आणि इथे आपल्या शहरांत एक गंभीर चूक होते. गॅलरीत उघडं ठेवलेलं पिंप म्हणजे डेंग्यूच्या डासांसाठी तयार जागा. एडिस डास अशाच साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत त्यातून डास उडतात. दर दोन दिवसांनी पाणी पूर्ण ओता, पिंपाच्या कडा घासा आणि वर घट्ट कापड बांधा. हे टाळू नका, शेजारच्या घरातल्या मुलांचाही यात प्रश्न आहे. ओतलेलं तपकिरी पाणी कुंड्यांना चालतं, पण लाकूड समुद्रावरचं असेल तर नाही.

काचेला टेकवून बसवणं

कोरडं लाकूड दोन काचांमध्ये नेमकं बसलं की छान वाटतं. पण लाकूड पाण्यात फुगतं आणि मग ते काचेवर दाब देतं. दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडा, भिजवून झाल्यावरच शेवटचं माप घ्या. जड तुकडा थेट तळाच्या काचेवर न ठेवता आधी वाळूचा थर द्या. तरंगत असेल तर स्लेट किंवा शहाबादी फरशीच्या तुकड्याला स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने जखडा, साधा लोखंडी स्क्रू गंजतो. अनुबियास किंवा मॉस या पाणवनस्पती लाकडावर लावायला दोरा किंवा फेविक्विक चालतं. पोकळ भोकं नीट तपासा: वाढता प्लेको (काचेला-लाकडाला चिकटून राहणारा मासा) आत शिरतो आणि अडकतो. गोल्डफिश असतील तर टोकदार फाटे घासून बोथट करा.

बिघाड दिसला तर

पाणी तपकिरी झालं असेल तर ते टॅनिन आहे, म्हणजे लाकडातून सुटणारं रंगीत द्रव्य. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रो नदीचं पाणीही असंच गडद असतं आणि कार्डिनल टेट्रा हा टँकमधला मासा तिथलाच. रंग नकोच असेल तर फिल्टरमध्ये सक्रिय कार्बन ठेवा, थोडं थोडं पाणी बदला, आणि कार्बन दर महिन्याला नवा घाला.

टॅनिनने पीएच किती उतरेल, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी होईल, हे तुमच्या पाण्यावर ठरतं. पठारावरच्या जड बोअरच्या पाण्यात फारसा फरक पडत नाही. क्षार कमी असलेल्या धरणाच्या पाण्यात पडू शकतो, तिथे केएच (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचं प्रमाण) तपासत राहा. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं. त्यांच्यासाठी दगडच वापरा.

पांढरं जाळं म्हणजे लाकडातल्या साखरेवर वाढलेले जिवाणू आणि बुरशी. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतं. ब्रशने काढा किंवा श्रिंप आणि गोगलगायींना खाऊ द्या.

पाणी दुधाळ झालं आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर मात्र थांबू नका. जिवाणू एकदम वाढून ऑक्सिजन कमी झालेला असतो. एअर पंप जोरात चालू करा, लाकूड बाहेर काढा, एक तृतीयांश पाणी बदला, आणि तुकडा पुन्हा उकळून भिजवा. लाकूड ठेवल्यावर काही तासांतच मासे वेडेवाकडे पोहू लागले, श्रिंप उड्या मारू लागल्या, तर ते विष समजा. लाकूड काढा, अर्धं पाणी बदला, ताजा कार्बन घाला. तो तुकडा पुन्हा टाकीत घालू नका.

सडक्या अंड्यांचा वास आला तर लाकडाचा वाळूत गाडलेला भाग उपसून पाहा. काळा आणि मऊ झाला असेल तर तेवढा कापून टाका. बोटाने दाबल्यावर संपूर्ण तुकडाच खचत असेल तर तो बदलायची वेळ झाली आहे.