पोदेराचा भोंगा आणि माझी साखर

गोव्यात फोंड्यात माझं दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसून. मानेवर काळपट पट्टा आला, तो उन्हाचा समजून मी महिनाभर साबणाने घासत होतो. बायको म्हणाली, "अहो, हा मळ नव्हे. डॉक्टरांना दाखवा." डॉक्टरांना तो पट्टा साखरेचा इशारा वाटला, म्हणून रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ११४, एचबीए१सी (तांबड्या पेशींना चिकटलेली साखर, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१. हा आकडा ५.७ ते ६.४ असला की मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, गोळी लगेच नको, आधी वजन उतरवा.

खरी लढाई सकाळची. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की चार उंडे (गोल कडक पाव) आणि दोन चमचे साखरेचा चहा, हा वर्षानुवर्षांचा रिवाज! आता कोंड्याची एक पोळी (पावाची हो, चपाती नव्हे), सोबत अळसांद्याची (चवळीची) भाजी, चहा बिनसाखरेचा. तो आठवडाभर औषधासारखा लागला. दुपारी आधी भाजी आणि मासा, मग हुमणाबरोबर (माशाच्या आमटीबरोबर) निम्मा भात. उकडा तांदूळ कितीही खाल्ला तरी चालतो ही माझी समजूत. डॉक्टर नुसते हसले. रात्री जेवून अर्धा तास चालणं, आठवड्यातून पाच दिवस. पावसात गॅलरीतच येरझारा.

गणेश चवथीला नेवऱ्या (करंज्या) दोनच खाल्ल्या. बरं, तीन.

तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांनीच पुन्हा केली: ५.८. सहा महिन्यांनी ५.५, वजन ८२ वरून ७७. आता तपासणी वर्षातून एकदा. मानेचा पट्टाही फिकट झालाय.