कातळशिल्पं बघायला आणि नोंदवायला सड्यावर जाताय? मग हे वाचून जा

कातळशिल्पं म्हणजे कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारांवर, खाचा पाडून कोरलेली प्राण्या-माणसांची जुनी चित्रं. पहिली गोष्ट वेळेची. रत्नागिरी-राजापूरकडे लोक आधी देवदर्शन करतात, मग जेवतात आणि भर दुपारी एक-दीडला सड्यावर येतात, आणि इथे तर काहीच नाही म्हणत परत जातात. अहो, ऊन डोक्यावर असलं की जांभ्यातली रेघ दिसतच नाही. दगड काळपट, खाचही त्याच रंगाची, तिला सावली मिळाल्याशिवाय ती उठून कशी दिसणार? सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरकं पडतं, खाचेची एक कड उजळते, दुसरी काळी होते, आणि मघापर्यंत नुसता खडबडीत कातळ वाटत होता तिथे पाय, पोट, शेपूट असं एकेक वर यायला लागतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्यांची जमीन ते काका बरोबर होते, मी इकडेतिकडे शोधतोय आणि ते शांतपणे म्हणाले, "अहो, शेपटीवर उभे आहात तुम्ही." खाली बघितलं तर खरंच बोटभर रुंदीची खाच माझ्या बुटाखालून निघून पार पाच-सहा पावलं लांब गेली होती. तेव्हापासून मी सड्यावर गेलो की आधी कडेला थांबतो, लांबून पूर्ण फेरी मारतो, आणि मगच जवळ जातो. तुम्हीही तेच करा.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात शेवाळ असतं, पाय सटकतो, आणि पाऊस संपता संपता गवत एवढं वाढतं की कोरलेला अख्खा हत्ती त्यात लपतो. पण पावसाची सर नुकतीच थांबलेली असेल आणि तुम्ही जवळपास असाल तर जरूर जा, खाचांमध्ये पाणी साठून आकृती चकाकते, तसा फोटो इतर वेळी मिळत नाही. गवत पेटवून सडा साफ करायचा प्रकार मात्र करू नका, तापून दगडाचा पापुद्रा सुटतो आणि त्याच्याबरोबर रेघही जाते.

दुसरं म्हणजे परवानगी. सडा मोकळा दिसतो म्हणून तो कुणाचाच नाही असं नसतं, बहुतेक ठिकाणी खाजगी जमीन असते. आधी गावात जा, सरपंचांना नाहीतर वाडीतल्या जाणत्या माणसाला भेटा, पाणी प्या, कशासाठी आलोय ते सांगा. यात नुसती रीतभात नाहीये. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या अभ्यासक मंडळींनी २०१२ नंतर गावोगाव फिरून ही शिल्पं शोधली ती गुराख्यांना, म्हाताऱ्या माणसांना विचारूनच. गावाला ती माहीतच होती, कुणी पांडवांनी कोरली म्हणायचं, कुठे तिथे पूजा व्हायची. म्हणून नोंदवहीत पहिल्या पानावर गावात त्या जागेला काय म्हणतात ते लिहा, जसं सांगितलं तसंच, शुद्ध करत बसू नका.

आता सामान. पन्नास मीटरचा टेप, सुतळी, ग्राफ पेपर, पेन्सिल, खोडरबर, मऊ केरसुणी, होकायंत्र, दोन-तीन लिटर पाणी, टोपी. फोटोत मापासाठी ठेवायला काळे-पांढरे पट्टे मारलेली एक मीटरची काठी घरीच करता येते. खडू, चुना, रांगोळी, तारेचा ब्रश यातलं काहीही नेऊ नका, अगदी हात जोडून सांगतो. फोटो छान यावा म्हणून कुणीतरी खाचांमध्ये पांढरा रंग भरलेला मी स्वतः बघितलाय आणि पोटात कालवलं. जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र, रंग आत जातो तो जातोच, शिवाय रंग भरणाऱ्याला जी रेघ वाटली ती खरी रेघ असेलच असं नाही, पुढे येणारा प्रत्येक जण मग त्याच चुकीचं चित्र काढतो.

नोंद करायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई नको. सुकलेली पानं-माती केरसुणीने हलकेच बाजूला करायची, खाचेत घट्ट बसलेली माती उकरायची नाही, ते अभ्यासकांचं काम. मग आकृतीभोवती सुतळीचा चौकोन टाकायचा, दगडं ठेवून ताणायचा, आत एक-एक मीटरवर आडव्या-उभ्या सुतळ्या. ग्राफ पेपरवर तेच चौकोन काढून एकेका चौकोनात जेवढं दिसतं तेवढंच उतरवायचं. खाच कुठे किती रुंद, किती खोल, नुसती बाह्यरेषा कोरलीय की आतला दगड काढून आकृती उठवलीय हे बाजूला लिहायचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेत, तो एका फोटोत कसा मावणार? अशा वेळी मोबाईल छातीच्या उंचीवर सरळ खाली धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पट्ट्या-पट्ट्यांनी चालत जायचं, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग आला पाहिजे, म्हणजे नंतर सॉफ्टवेअरमध्ये जोडून पूर्ण आकृती आणि उंचसखलपणा दोन्ही मिळतं. स्वतःची सावली फोटोत येऊ देऊ नका.

उत्तर दिशा नोंदवायचीच, पण राजापूरकडच्या देवाचे गोठणे गावाला गेलात तर सांभाळून. तिथे होकायंत्राची सुई भलतीकडे वळते म्हणून प्रसिद्ध आहे, तेव्हा तिथे दिशा सूर्यावरून काढा आणि सुई कुठल्या जागी कशी फिरली हेही लिहून ठेवा.

लिहिताना एक पथ्य पाळायचं, दिसतं ते वेगळं आणि वाटतं ते वेगळं. बारसूला मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ असं शिल्प आहे, ते बघितलं की लोक लगेच तशाच मांडणीच्या हडप्पा संस्कृतीतल्या मुद्रेपर्यंत, म्हणजे कोरीव शिक्क्यापर्यंत पोचतात. असेलही साम्य, पण नोंदीत "मधे मानवी आकृती, दोन्ही बाजूंना चार पायांचे प्राणी, अंगावर पट्टे आहेत/नाहीत" एवढंच यायला हवं. वाघ म्हणायचं असेल तर कशावरून म्हणता ते लिहा.

हे एवढं का जपायचं तर वयाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दगडात कोरलेल्या रेघेत कोळसा नसतो, हाड नसतं, मग कार्बन डेटिंग कशाचं करणार? अभ्यासक आडवाटेने जातात. या शिल्पांमध्ये गेंडा आहे, पाणघोडा आहे, आज कोकणात दोन्ही नाहीत. हरणं, मासे, कासवं आहेत पण शेतीचं चित्र नाही, म्हणजे कोरणारे शिकार करून, गोळा करून जगणारे असावेत. यावरून मध्याश्मयुगापर्यंत, दहा-बारा हजार वर्षं मागे अंदाज जातो. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत राज्य पुरातत्त्व खात्याने खोदकाम केलं तेव्हा दगडी हत्यारं मिळाली, अशा पुराव्यांवरच हे सगळं उभं आहे. म्हणून सड्यावर किंवा जवळच्या ओढ्यात नखाएवढा धारदार गारगोटीचा तुकडा दिसला तर खिशात घालू नका! जागेवरच ठेवा, काठी ठेवून फोटो काढा, शिल्पापासून किती पावलांवर ते लिहा. घरी शोकेसमध्ये तो नुसता दगड आहे, तिथे पडलेला असताना तो पुरावा आहे.

कुठून सुरुवात करायची असं विचाराल तर उक्षी. गावकऱ्यांनी तिथला हत्ती कुंपण घालून जपलाय, बघायला सोपं जातं आणि डोळा तयार होतो. मग जांभरुण, देवीहसोळ, रुंढे तळी, आणि वेळ असेल तर खाली सिंधुदुर्गात कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं फणसामळ, तिथे गोल चक्रव्यूह कोरलाय तो नक्की बघा. ही सगळी, आणि वर आलेली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे धरून, अशी नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. पण यादीबाहेरचे सडे त्याहून कितीतरी जास्त आहेत आणि काळजी त्यांचीच वाटते, चिरेखाण, म्हणजे जांभ्याची खाण, सुरू झाली किंवा आंब्याची कलमं लावायला सुरुंग लावला की एका दिवसात सगळं संपतं.

त्यामुळे नवीन काही सापडलं असं वाटलं तर लोकेशन इन्स्टावर टाकू नका. फोटो, मोजमापं, गावाचं नाव, जमीनमालकाशी झालेलं बोलणं हे एकत्र करून राज्य पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरी कार्यालयाला लेखी कळवा, ग्रामपंचायतीला एक प्रत द्या आणि पोच घ्या. आणि पुढच्या वर्षी पाऊस उतरला की परत जा, त्याच जागी उभं राहून, त्याच वेळेला, तीच काठी ठेवून पुन्हा फोटो काढा, म्हणजे कुठली कड झिजली, कुठे नवीन तडा गेला ते दोन फोटो शेजारी ठेवले की कळतं.