यवतचा कॅनॉल आणि वरचे डोंगर : पायी फिरायचं असेल तर

पुण्याहून सोलापूर रोडने साधारण 40 किलोमीटरवर यवत लागतं. लोक हायवेवर चहा घेऊन पुढे निघून जातात, पण माझं आजोळ तिथंच जवळ असल्यामुळे मला कायम वाटत आलंय की थांबून दक्षिणेकडे बघा ना जरा, कॅनॉल आहे, त्याच्या वर डोंगर आहेत आणि डोंगरात भुलेश्वरचं जुनं मंदिर आहे. एक अख्खी सकाळ पायी घालवण्यासाठी याहून चांगलं ठिकाण मला तरी माहीत नाही. चार-पाच जणांनी विचारलं कसं जायचं म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय.

आधी कॅनॉल समजून घ्या, तो समजला की चालायला निम्मं सोपं. हा मुठा उजवा कालवा, खडकवासल्याहून निघतो, पुणे शहरातनं हडपसर, लोणी, उरुळी कांचन, यवत करत पार इंदापूरकडे जातो. पाणी आपल्या आपण वाहत न्यायचं असतं म्हणून कॅनॉल डोंगराच्या पायथ्याने, उंची धरून, वळणं घेत घेत काढलेला असतो. त्यामुळे त्याच्या कडेची वाट जवळजवळ सपाट, म्हातारं माणूस आणि सात-आठ वर्षांचं पोरगं दोघंही आरामात चालतात. आणि अजून एक, कॅनॉलच्या खालच्या अंगाला ऊस, कांदा, गहू, सगळं हिरवंगार, आणि वरच्या अंगाला जिरायत, मुरमाड माळ, बोरी-बाभळी. पाणी उताराने खालीच जाणार, वर चढणार नाही, म्हणून एका पाण्याच्या रेघेने दोन वेगळी जगं केलीत. तुम्ही त्या रेघेवरनं चालता आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवली की दोन्ही दिसतात, मला तर इतकी वर्षं झाली तरी त्याचं नवल वाटतं.

वाट चुकायची भीती इथे नाहीच. पाणी वाहतं ती पूर्वेकडची दिशा, डोंगर दक्षिणेला, हायवे आणि रेल्वे उत्तरेला, त्यामुळे कुठेही गोंधळलात तर उताराने खाली उतरा, रस्ता लागतोच.

एक लक्षात ठेवा, कॅनॉल दोन आहेत. जुना कॅनॉल, ज्याला सगळे बेबी कॅनॉल म्हणतात, त्यात पुण्याचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडतात, वास येतो, तो नको. नवा मोठा कॅनॉल विचारा. आणि चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न हा करा, "दादा, कॅनॉलला पाणी सुटलंय का?" आवर्तन, म्हणजे पाळीने सोडलेलं पाणी, चालू असेल तर कॅनॉल काठोकाठ वाहतो, गार वारा असतो, बायका धुणं घेऊन आलेल्या असतात, पक्षी भरपूर. पाणी बंद असेल तर नुसता कोरडा चर आणि मधे मधे डबकी, पण त्या डबक्यांवर शेकाट्या आणि तुतवार हे पाणपक्षी बघायला मिळतात, म्हणजे तेव्हाही जाऊ नका असं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. भरलेल्या कॅनॉलमध्ये उतरायचं नाही, पाय बुडवायलासुद्धा नाही. वरनं पाणी संथ दिसतं पण आत ओढ जबरदस्त असते, आणि जिथे अस्तरीकरण केलंय तिथे तिरक्या काँक्रीटवर शेवाळ असतं, पट्टीचा पोहणारासुद्धा वर चढू शकत नाही. माझा चुलतभाऊ चप्पल धुवायला म्हणून वाकला आणि घसरला, काठावरच्या तिघांनी उपरण्याला उपरणं बांधून टाकलं आणि पन्नास-साठ पावलं पळत जाऊन त्याला ओढला, तेव्हापासून मी पिशवीत दहा-बारा मीटरचा दोर ठेवतो, तुम्हीपण ठेवा. पोरं बरोबर असतील तर ती कायम शेताच्या बाजूला, मोठी माणसं पाण्याच्या बाजूला. भरावाच्या अगदी कडेने चालू नका, उंदीर-घुशी-खेकड्यांनी आतनं पोखरलेला असतो, सप्टेंबर 2018 मध्ये पुण्यात दांडेकर पुलाजवळ हाच कॅनॉल फुटला होता आणि किती घरांत पाणी शिरलं ते आठवत असेल. आणि हेच पाणी पुढे दौंडकडची माणसं पितात, म्हणून त्यात प्लास्टिक, उष्टं काही टाकू नका, हात जोडून सांगतो.

ऊसतोडीच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतर, कॅनॉलच्या रोडवर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर येतात. लांबून गाण्यांचा आवाज आला की आधीच शेताच्या बाजूला उतरून उभं राहायचं, ड्रायव्हरला मागची ट्रॉली दिसत नसते. उसात शिरू नका, पीक दुसऱ्याचं आहे हे तर झालंच पण दौंड तालुक्यात बिबटे उसातच राहतात. अंधार पडायच्या आत हायवेला लागायचं, ह्यात तडजोड नाही.

डोंगराची वाट यवतवरनं दक्षिणेला कॅनॉल ओलांडला की सुरू होते. भुलेश्वरपर्यंत रस्ता आहे, साधारण दहा किलोमीटर, पण गुराख्यांच्या पायवाटा जास्त छान, कुणालाही "मामा, भुलेश्वरची पायवाट कुठली" विचारा, हातातली काठी वर करून दाखवतात. चढ फार नाही पण सावली अजिबात नाही, त्यामुळे सकाळी उजाडतानाच निघा आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या, वर माळावर पाणी मिळेल असं धरून चालू नका. पावसाळा संपताना माळ हिरवा असतो, नंतर कुसळं पिकतात आणि मोज्यात घुसून जीव नको करतात, तेव्हा जाड गुळगुळीत कापडाची फुल पँट घाला. बूट घोट्याच्या वर हवेत, दगडाखाली फुरसं असतं, घोणस असते, म्हणून काठी आपटत चाला. पावसात काळ्या रानातनं शॉर्टकट मारू नका, दहा पावलांत बुटाला किलोभर चिखल.

धनगरांचा वाडा, म्हणजे माळावरचा मुक्काम, किंवा मेंढ्या दिसल्या तर तिथंच थांबायचं, पळायचं नाही, कुत्री अंगावर येतात. लांबूनच हाक मारा, "मामा, कुत्रं आवरा," मालकाने एक आवाज दिला की ती गप होतात. मग दोन मिनिटं बोला त्यांच्याशी, पाऊस कुठे झालाय, लांडगा कधी दिसला, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

भुलेश्वरला घाईने दर्शन घेऊन निघू नका. बाहेरनं घुमट बघून मंदिर वाटतच नाही, आत गेलं की यादवकाळातलं काळ्या दगडातलं कोरीवकाम सुरू होतं, कितीतरी मूर्ती फोडलेल्या आहेत तरी डोळे भरून येतात. स्त्रीरूपातला गणपती, गणेशीच म्हणा, नक्की शोधा, वर बघावं लागतं. मंदिराभोवती आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने बांधलेल्या दौलतमंगळ किल्ल्याचे बुरूज आहेत, त्यांच्यावर उभं राहून उत्तरेला बघा, आपण चाललो तो कॅनॉल खाली दिसतो, त्याच्या अलीकडे पिवळं आणि पलीकडे हिरवं. श्रावणात सोमवारी खूप गर्दी, ते दिवस चालायचे नाहीत.

यायला पुणे-दौंड डेमू सोयीची, यवत स्टेशन आहे, फक्त परतीची वेळ आधी बघून ठेवा. आणि आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी यवतला काळभैरवनाथाच्या देवळात मुक्कामाला असते, त्या रात्री अख्खं गाव वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. तेव्हा आलात तर डोंगर दुसऱ्या दिवशी करा, संध्याकाळी भाकरी थापायला बसलेल्या मावशींजवळ जा आणि काय हातभार लावू ते विचारा, पिठाच्या परातीपासून पंगतीत वाढण्यापर्यंत काही ना काही काम देतातच.