सव्वाचार वर्षांची गॅप आणि विकत घेतलेलं अनुभवपत्र

राज्यसेवेची 2020 ची पूर्व परीक्षा मूळ 5 एप्रिल 2020 ला होती आणि झाली 21 मार्च 2021 ला. तो काळ अभ्यासिकेत काढलेल्यांना पुढचं काही सांगायला नको. मी तेव्हा सांगलीत विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत बसत होते. मेकॅनिकलची डिग्री 2016 ची. पेपर जुळवून बघितला, कटऑफच्या आसपासही नव्हते. खुर्चीवरची उशी आणि स्टडी लॅम्प पिशवीत घालून तासगावला घरी आले. नुकतीच अशी पिशवी भरून घरी आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय.

बायोडाटा कसा करायचा, नोकरीच्या साइटवर तो कसा वर ठेवायचा, हे तुम्हाला येतं. मला एकच गोष्ट सांगायचीय आणि ती लांबवून सांगणार आहे. गॅप झाकायला अनुभवपत्र विकत घेऊ नका.

माझी गॅप फेब्रुवारी 2017 ते जून 2021. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा चार महिन्यांचा कोर्स लावला, फी 35,000. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, बेदाण्याच्या पैशातून दिली. त्या वर्षी सौद्यात दर काय मिळाला, हे मी विचारलंसुद्धा नाही. कोर्स संपत आला तसा क्लासमधल्याच एकाने कन्सल्टन्सीचा नंबर दिला. अडीच वर्षांचा अनुभव, ऑफर लेटर, सॅलरी स्लिपा, रिलिव्हिंग लेटर, शिवाय फोन आला तर "हो, त्या आमच्याकडे होत्या" म्हणणारा माणूस. सगळ्याचे मिळून 80,000. निम्मे आधी, निम्मे पहिला पगार झाल्यावर. "सगळेच करतात, मॅडम. पाच वर्षांपूर्वीच्या डिग्रीवर फ्रेशर म्हणून तुम्हाला कोण उभं करणार?" या वाक्यात थोडं खरं होतं, म्हणूनच ते लागलं. चाळीस हजार आईच्या भिशीतून आणि मैत्रिणीकडून उभे केले. तात्यांना कळू दिलं नाही.

जानेवारी 2022 मध्ये नोकरी लागली. लोक पकडलं जाण्याच्या भीतीबद्दल बोलतात, पण त्याच्या आधीच एक गोष्ट झाली. तिसऱ्याच दिवशी लीडने एक मॉड्यूल दिलं आणि म्हणाला, "तुम्ही अडीच वर्षं केलंय, तुम्हाला काय सांगायचं?" फ्रेशरला दिवसातून वीस प्रश्न विचारता येतात. मला एकही विचारता येईना. शेजारच्या नव्या मुलाला सगळे समजावून सांगायचे, तेव्हा मी मान खाली घालून कान तिकडे द्यायचे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघून सकाळी ते स्वतःचं म्हणून मांडायचं. वजन उतरलं, पाळी चुकली. माझा शिकायचा हक्क मी पैसे देऊन घालवला होता.

पाचव्या आठवड्यात एचआरने छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलावर माझंच अनुभवपत्र. बाई माझ्यापेक्षा लहान असाव्यात, आवाज अजिबात चढवला नाही. पेनचं टोक लेटरहेडच्या तळाशी असलेल्या बारीक ओळीवर ठेवलं. ती ओळ मी कधी वाचलीच नव्हती. यू, पाच आकडे, पीएन, मग 2020, पीटीसी, पुन्हा सहा आकडे. "ही कंपनी 2020 मध्ये नोंदली गेलीय. तुम्ही इथे जून 2019 ला कशा लागलात?"

हा सीआयएन, कंपनीचा ओळख क्रमांक. एकूण 21 अक्षरं-आकडे, आणि राज्याच्या (इथे पुण्याच्या, पीएन) दोन अक्षरांनंतरचे चार आकडे म्हणजे नोंदणीचं साल. कंपनीला तो लेटरहेडवर छापावाच लागतो आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कुणालाही तपासता येतो. म्हणजे ज्या कागदाला मी चाळीस हजार मोजले, त्याच कागदावर तो खोटा असल्याचा पुरावा छापलेला होता.

हा क्रमांक बरोबर असता तरी मी वाचले नसते. दुसरं कारण पीएफ. नीट वाचा, कारण कन्सल्टन्सीवाले इथेच बेधडक खोटं सांगतात. 2016 ला डिग्री झाल्यावर मी कुपवाड एमआयडीसीत सात महिने ट्रेनी होते, ठेकेदाराच्या पेरोलवर. पगारातून 12 टक्के पीएफ कापला जायचा, म्हणजे माझा यूएएन तेव्हाच तयार झाला होता. यूएएन हा पीएफचा 12 आकडी नंबर, माणसाला आयुष्यभर एकच. कन्सल्टन्सीवाल्याने ते सात महिने बायोडाटातून काढायला लावले, "शॉप फ्लोअर आयटीत चालत नाही" म्हणून. नव्या नोकरीत भरायच्या फॉर्म 11 मध्ये आधी पीएफ होता का, असं विचारतात. तिथे "नाही" लिहायला सांगितलं. कारण विचारलंच तर म्हणायचं, कंपनीत वीसपेक्षा कमी माणसं होती, पीएफ लागू नव्हता. ऐकायला पटतं, कायद्यात वीसची अट आहेच. पण नव्या कंपनीने आधार नंबर टाकला आणि जुना यूएएन समोर आला. सर्व्हिस हिस्टरीत, म्हणजे पीएफमधल्या नोकऱ्यांच्या यादीत, कुपवाडचे सात महिने, आणि त्यानंतर काहीच नाही. जे खरं होतं ते मी लपवलं होतं, जे खोटं होतं ते दाखवलं होतं, आणि दोन्ही एकाच पानावर उघडं पडलं.

काही जण यातून सुटतात, हेही खरं आहे. माझ्या बॅचमधले दोघे आजही नोकरीत आहेत. पण कंपनी बदलायची म्हटली की पुन्हा तीच तपासणी, म्हणून पगार वाढत नसला तरी ते जागचे हलत नाहीत. आणि खोटा दस्तऐवज खरा म्हणून वापरणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत कलम 471, आता भारतीय न्याय संहितेत 340. माझ्यावर तक्रार झाली नाही, लॅपटॉप ठेवून घेतला आणि दारापर्यंत सोडलं. तुमच्या वेळी तेवढ्यावर भागेल, असं धरून चालू नका.

स्वारगेटवरून रात्रीची एसटी पकडून घरी आले. तात्यांना पहाटे गोठ्यात सगळं सांगितलं. त्यांनी धार काढून संपवली, कासंडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आईला मी सांगतो." त्या घरात पुढचे आठ महिने मी जवळजवळ एका खोलीत काढले. फोन वाजला की पोटात गोळा. पाहुणे स्थळ घेऊन आले की मागच्या दाराने बाहेर. याला आळस म्हणू नका, स्वतःच्या बाबतीत तर अजिबात नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये टेलि-मानस सुरू झालं, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. मी पहिल्यांदा लावून कट केला, दुसऱ्यांदा बोलले. मग सांगलीला सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा केसपेपर काढला. गोळ्या सहा महिने घेतल्या. झोप परत आली, आणि झोप आल्यावर मगच बायोडाटा उघडता आला. क्रम हाच ठेवा. प्रेरणेची भाषणं ऐकून मला तरी काही झालं नाही.

2023 च्या सुरुवातीला कुपवाडमध्येच एका मशीनशॉपला मुलाखतीला गेले. मालक साठीचे, कपाळावर चष्मा. मी तीन गोष्टी एका दमात सांगितल्या. सात महिने ट्रेनी. चार वर्षं एमपीएससी, झालं नाही. पुण्यात खोटं अनुभवपत्र दिलं, पाच आठवड्यांत काढलं. शेवटची गोष्ट सांगायलाच लागते, कारण ते पाच आठवडेही सर्व्हिस हिस्टरीत दिसतात. मालक काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून मायक्रोमीटर काढून एका पिनबरोबर पुढे सरकवला. मी आधी दोन्ही फेस कापडाने पुसले, बंद करून झिरो बघितला, मग पिन धरली आणि रॅचेट तीनदा टकटक वाजू दिलं. माप सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "हे कुठं शिकलीस?" म्हटलं, इथंच, दोन गल्ल्या सोडून. "मग ते बायोडाटात सगळ्यात खाली का लिहिलंयस? वर घे."

पगार 18,000 ठरला, क्वालिटीत. पुण्याच्या निम्म्याच्या जवळपास. पण पहिल्याच दिवशी मी प्रश्न विचारले, अगदी बावळट वाटणारेसुद्धा, आणि कुणी दचकलं नाही.

तुम्ही आता करायचं एवढंच. आज ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ संघटनेच्या, मेंबर पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर स्वतःची सर्व्हिस हिस्टरी उघडा. ठेकेदाराकडे केलेले चार महिने तिथे असतील तर ते तुमचे आहेत, बायोडाटात लिहा. सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला भरता येते, मालकाच्या मागे लागावं लागत नाही. गॅप एका ओळीत लिहा: स्पर्धा परीक्षा, अमुक साल ते तमुक. मुलाखतीत दोन वाक्यांत सांगा आणि थांबा. सुरुवातीला मी या प्रश्नावर दहा मिनिटं बोलायचे आणि समोरच्याचा माझ्यावरचा विश्वास त्या दहा मिनिटांतच उडायचा. दहा ठिकाणी नाही म्हणतील. मला अकरा ठिकाणी म्हणाले. बारावं कुपवाडचं.

आणि मार्गदर्शक निवडताना माझं एक स्पष्ट मत आहे. जो नोकरी लावायचे पैसे घेतो तो मार्गदर्शक नाही, मग तो कितीही आपल्या गावचा असो. तुमच्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेला, स्वतः रोज कामावर जाणारा माणूस शोधा. मला ती आमच्याच स्टोअरमधली ताई भेटली. तिने पहिल्या आठवड्यात मला रिजेक्शन रिपोर्ट कसा वाचायचा ते डबा खाताखाता शिकवलं.

पैसे आधीच दिले असतील तर? बायोडाटातून तो खोटा अनुभव आजच काढा. कुठे अर्ज गेला असेल पण जॉइन झाला नसाल तर मागे घ्या, मेल दोन ओळींचा पुरे. घरात एका माणसाला सांगा, म्हणजे धमकीचा फोन आला की तुम्ही एकटे नसता. मला काढल्यावरही उरलेल्या चाळीस हजारांसाठी सहा महिने फोन येत होते. "तुमचे कागद आमच्याकडे आहेत" म्हणायचे. एके दिवशी फोन तात्यांनी उचलला आणि म्हणाले, "पैसे न्यायला तासगावला या, बसून बोलू." कुणी आलं नाही. ते पैसे मी दिले नाहीत. तुम्हीही देऊ नका.