लॅनेगनचा 'व्हिस्की फॉर द होली घोस्ट' पहिल्यांदा ऐकणार असाल तर

हा अल्बम मी ज्यांना ज्यांना सुचवला त्यातल्या बऱ्याच जणांनी तिसऱ्या-चौथ्या गाण्यावर सोडून दिला, आणि कसा ऐकलास म्हणून विचारलं की कळायचं, कुणी ट्रॅफिकमध्ये गाडीत ऐकला तर कुणी ओट्यावर फोन ठेवून पोळ्या लाटताना. माझंही पहिल्यांदा तेच झालं होतं, फोनच्या स्पीकरवर लावला आणि काही पोचलंच नाही, मग काही महिन्यांनी एका रात्री हेडफोन लावून सलग ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना परत तोच. एवढं चांगलं काम नुसतं घाईत ऐकल्यामुळे कुणाच्या हातून निसटू नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय.

थोडी ओळख करून देते. मार्क लॅनेगन म्हणजे स्क्रीमिंग ट्रीज या बँडचा गायक. लोक त्याला सरसकट सिएटलचा म्हणतात पण तो मूळचा एलेन्सबर्गचा, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातच पण कॅस्केड डोंगररांगेच्या पलीकडे पूर्वेला, तिथे सिएटलसारखी रिपरिप नाही, कोरडं, वाऱ्याचं, शेतीवाडीचं गाव आहे. हे सांगायचं कारण, ग्रंज, म्हणजे त्या काळात सिएटलमधून गाजलेलं रॉक, म्हटलं की जो जाडजूड डिस्टॉर्शनवाला साउंड डोक्यात येतो तो शोधत इथे आलात तर फार कमी सापडेल. हा त्याचा दुसरा सोलो अल्बम, सब पॉप लेबलवर जानेवारी १९९४ मध्ये आला, गाणी १३. तेव्हा त्याचं वय होतं २९. हा आकडा लक्षात ठेवा आणि मग पहिल्या गाण्यातला आवाज ऐका.

आता तयारी. आवाज पार खर्जातला आहे, घोगरा, खरखरीत. पुरुषाच्या एवढ्या खालच्या आवाजाचा पाया साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तेवढं खालचं जवळजवळ येतच नाही, मग कानावर पडते ती फक्त वरची खरखर आणि माणसाला वाटतं हा नुसता घसा खरवडतोय. म्हणून हेडफोन किंवा बरे स्पीकर हवेतच, महाग नकोत, साधे वायरवाले चालतील. ॲपमध्ये बास बूस्ट चालू असेल तर बंद करा, त्याने ॲकूस्टिक गिटार फुगते आणि आवाज तिच्यात बुडतो. शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणं) शून्यावर, ऑटोप्लेही बंद. पाऊण तासाहून थोडा जास्त वेळ मोकळा ठेवा, रात्रीची जेवणं उरकल्यावरचा सगळ्यात बरा. आणि हो, पहिलं गाणं हळू आहे म्हणून व्हॉल्यूम वाढवून बसू नका, दुसरं पुढे जाऊन चांगलंच चढतं.

आदल्या दिवशी जमलं तर एक छोटा गृहपाठ करा. लेड बेली या जुन्या अमेरिकन ब्लूज-लोकगीत गायकाचं 'व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट' ऐका, चाळीसच्या दशकातलं रेकॉर्डिंग आहे. मग तेच गाणं लॅनेगनच्या पहिल्या अल्बमवर, 'द वाइंडिंग शीट' वर ऐका, १९९० चा, त्यात गिटारवर कर्ट कोबेन आहे आणि बेसवर क्रिस्ट नोव्होसेलिक, दोघंही निर्वाणा या बँडचे. नोव्हेंबर १९९३ मध्ये निर्वाणाने एमटीव्ही अनप्लग्ड या टीव्हीवरच्या ॲकूस्टिक मैफलीच्या शेवटी जे गायलं ते हेच, आपल्यातल्या बहुतेकांनी फक्त तेच ऐकलेलं असतं. तिन्ही लागोपाठ ऐकलीत की लॅनेगन ब्लूजमधून काय उचलतो ते कळतं. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत उत्तर द्यायचं, हा जो ब्लूजचा ठरलेला बारा बारचा साचा, तो या अल्बममध्ये शोधत बसू नका. त्याने उचलली आहे ती ब्लूजवाल्यांची सांगायची पद्धत, म्हणजे माणूस खूप वाईट गोष्ट अगदी शांतपणे, आवाज न चढवता सांगतो.

पहिल्या फेरीत लिरिक्स उघडू नका, स्क्रीन पालथी ठेवा. 'द रिव्हर राइज' मध्ये आवाज आणि गिटार यांच्यामध्ये किती जागा मोकळी सोडली आहे तेवढंच बघा. मग 'बोराचो', स्पॅनिशमध्ये दारुडा, इथे इलेक्ट्रिक गिटार हळूहळू घेरत येते आणि गाणं अंगावर येतं, पहिल्यांदा ऐकणारे इथे दचकतात पण थांबा, कारण लगेच 'हाउस अ होम' येतं आणि ते अगदी मोकळं, सहज गुणगुणता येईल असं आहे. हा क्रम मुद्दाम लावलाय असं मला वाटतं, आणि म्हणूनच शफल नको म्हणते. 'किंगडम्स ऑफ रेन' ला घाई करू नका, हे गाणं पहिल्या वेळी संथ वाटतं आणि पाचव्या वेळी सगळ्यात जवळचं होतं, निदान माझं झालं. 'कार्निव्हल' मधलं व्हायोलिन लक्षात राहीलच, ते सांगायची गरज नाही.

मध्यावर, 'रायडिंग द नाइटिंगेल' च्या सुमाराला लक्ष उडायला लागतं, बऱ्याच जणांचं उडतं. तिथे एक ब्रेक घ्या हवं तर, पाणी प्या, पण पुढे जाऊ द्या. हा अल्बम काही वर्षं रखडत, तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड झालाय आणि एका टप्प्यावर लॅनेगन इतका वैतागला होता की मास्टर टेप्स ओढ्यात फेकायला निघाला होता, प्रोड्यूसर जॅक एंडिनोने अडवलं. मला जेव्हा जेव्हा मधला भाग जड जातो तेव्हा ते आठवतं आणि मग 'सनराइज' पर्यंत तरी मी ऐकतेच, तिथे सॅक्सोफोन आहे आणि अख्ख्या अल्बमचा रंग जरा बदलतो.

दुसरी फेरी एक-दोन दिवसांनी, आणि यावेळी आवाज सोडून माइक जॉन्सनची गिटार ऐका. हाच माणूस तेव्हा डायनोसॉर ज्युनियर या रॉक बँडमध्ये बेस वाजवत होता, इथे तो लॅनेगनचा उजवा हात आहे. त्याने काय वाजवलं यापेक्षा कुठे कुठे वाजवलं नाही ते बघा, आवाज खाली उतरला की गिटार बाजूला होते. गिटार शिकणाऱ्यांनी तर ही फेरी नक्की करावी.

तिसरी फेरी शब्दांची. नदी, राज्य, ज्युडास, पवित्र आत्मा, बायबलमधल्या प्रतिमा जागोजागी आहेत आणि त्यांच्या शेजारीच दारू आणि ड्रग्ज. 'शूटिंग गॅलरी' या गाण्याचं नाव म्हणजे अमेरिकेत लोक सुई टोचून घ्यायला जमतात ती जागा. लॅनेगन स्वतः कित्येक वर्षं हेरॉइनच्या व्यसनात होता, २०२० च्या आत्मचरित्रात त्याने ते काही न लपवता लिहिलंय. तुमच्या घरात व्यसनाचं काही चालू असेल, किंवा सध्या मन फार खाली गेलेलं असेल, तर ही फेरी एकट्याने रात्री करू नका, दिवसा करा, कुणीतरी सोबत असताना. आणखी एक, कोबेन एप्रिल १९९४ मध्ये गेला आणि दोघं जवळचे मित्र होते, त्यामुळे लोक या गाण्यांत त्याचा शोक ऐकतात. पण गाणी त्याआधीची आहेत, अल्बम बाहेर आला तेव्हा कर्ट जिवंत होता. तो शोक बाहेरून चिकटवला की गाण्यांचं स्वतःचं दुःख झाकलं जातं.

'बेगर्स ब्लूज' वर अल्बम संपतो. ऑटोप्ले बंद करायला सांगितलं ते याच्यासाठी, लगेच दुसऱ्या कुणाचं गाणं सुरू झालं की शेवटची दहा मिनिटं पुसली जातात. हेडफोन तसाच राहू द्या थोडा वेळ.

आवडला तर पुढे 'आय'ल टेक केअर ऑफ यू' घ्या, १९९९ चा, सगळी दुसऱ्यांची गाणी आहेत, त्यात सोल आहे, गॉस्पेल आहे, कंट्री आहे, त्याने काय काय ऐकून हा आवाज घडवला ते त्यात दिसतं. मग 'फील्ड साँग्ज', २००१. लॅनेगन २२ फेब्रुवारी २०२२ ला आयर्लंडमध्ये किलार्नीला वारला, ५७ वर्षांचा होता, त्यामुळे मागे सोडलेलं भरपूर आहे, सावकाश ऐका. २००४ चा 'बबलगम' लोक आधी सुचवतात कारण त्यात इंग्लिश गायिका पी जे हार्वी आहे आणि तो जास्त इलेक्ट्रिक, जास्त भरलेला आहे, मलाही प्रचंड आवडतो, पण तो आधी ऐकलात तर 'द रिव्हर राइज' मधली ती मोकळी जागा रिकामी वाटेल, म्हणून तो शेवटी ठेवा.