गाण्याचं हॉटेल हलवलं त्याची गोष्ट (या लाईनीत नवीन येणाऱ्यांसाठी)

हॉटेल मॅनेजमेंट करून नुकतीच बाहेर पडलेली पोरं मला कायम विचारतात की ताई, लाईव्ह म्युझिक असलेल्या ठिकाणी नोकरी घ्यावी का, तिथं वेगळं काय असतं. मी तेव्हा आमच्या शिफ्टिंगची गोष्ट सांगते, कारण रोजच्या कामात जे कळत नाही ते सगळं त्यात उघडं पडतं. नेहमी तीच तीच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच काढू. लांबलंय थोडं, चहा घेऊन बसा.

आमचं हॉटेल नाशिकला कॉलेज रोडच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर २२ वर्षं होतं. गुरुवारी गझल, शुक्रवार-शनिवार बँड, रविवारी संध्याकाळी भावगीतं आणि नाट्यगीतं. दारू नाही, जेवण फर्स्ट क्लास, त्यामुळे आजी-आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे यायचे. नाशकात कानसेनांची कमी नाहीये बरं का. शास्त्रीय गायक विष्णू दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव, तेही मोठे गायक, द. वि. पलुस्कर १९२१ साली इथंच जन्मले, त्या गावात गायक एक सूर चुकला की कोपऱ्यातल्या टेबलवरचे काका ताटातून मान वर करून बघतातच. मी तिथं कॅप्टन म्हणून (म्हणजे वेटरांवर देखरेख करणारी) लागले आणि फ्लोअर मॅनेजर झाले तेवढ्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आणि मालक (आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो) म्हणाले, "तू बघ हे शिफ्टिंगचं, मला ते ऑनलाईन फॉर्म-बिर्म जमत नाहीत." मला वाटलं टेम्पो बोलवायचे, सामान टाकायचं, झालं.

पहिला झटका कागदांचा. आपण समजतो लायसन्स आपल्या हॉटेलचं आहे, पण यातले बहुतेक कागद पत्त्याला चिकटलेले असतात. फूड लायसन्स जागेचं असतं, नवीन जागा म्हणजे नवीन लायसन्स. जीएसटीत मुख्य पत्ता बदलला की १५ दिवसांत दुरुस्ती टाकायची असते. शॉप ॲक्टला (दुकान-हॉटेलांची सरकारी नोंदणी) कळवायचं, फायर ब्रिगेडची ना-हरकत म्हणजे एनओसी नव्याने, पोलिसांकडचा कार्यक्रमाचा परवाना नव्याने, आणि लिव्ह अँड लायसन्सचा म्हणजे भाड्याच्या जागेचा करार महाराष्ट्रात रजिस्टर करणं सक्तीचंच आहे, नुसत्या स्टॅम्प पेपरवर सह्या करून मोकळं होता येत नाही. परमिट रूम (दारू देण्याची परवानगी) असेल तर एक्साईज खात्याकडून स्थलांतराची मंजुरी हे वेगळंच प्रकरण, आमच्याकडे ते नव्हतं त्यामुळे मी त्यावर ज्ञान पाजळणार नाही. आणि एक गोष्ट जी नव्या मॅनेजरना हमखास माहीत नसते, गाण्यांचे हक्क. बँड सिनेमाची गाणी गातो तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या हक्काचं लायसन्स लागतं, ते देणारी संस्था आयपीआरएस, आणि मधल्या वेळात स्पीकरवर रेकॉर्डेड गाणी लावता त्याला वेगळं, ते रेकॉर्डिंगचे हक्क बघणाऱ्या पीपीएल वगैरे संस्थांकडून. हे गायकाने काढायचं असतं असा एक गोड गैरसमज आहे, ते कार्यक्रम ठेवणाऱ्या हॉटेलनं बघायचं असतं. मी एक साधी वही केली होती, डाव्या पानावर कागदाचं नाव, उजवीकडे तो कोणत्या कागदावर अडकलाय ते. कारण करार नाही तर लाईटबिल नाही, लाईटबिल नाही तर पत्त्याचा पुरावा नाही, असं सगळं एकात एक गुंतलेलं असतं.

जागा बघताना काकांचं लक्ष पार्किंगवर, शेफचं किचनच्या साईजवर, माझं भाड्यावर. आवाजाकडे कुणाचंच नाही! गाणं विकणारी माणसं आम्ही आणि कान घरी ठेवून जागा बघत फिरत होतो. नशीब आमचा साउंडवाला दादा एकदा सोबत आला, त्यानं गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये शिरल्या शिरल्या एक टाळी वाजवली आणि म्हणाला, ऐका. टाळीनंतर ट्ट्ट्र्र असा आवाज भिंतींवरून परत येत राहिला. समोर पूर्ण काच, खाली चकचकीत टाईल्स, वर सपाट स्लॅब. जुन्या जागेत छत बुटकं होतं, पडदे जाडजूड, खुर्च्यांना गाद्या, म्हणून तिथं साधा गायकही बरा वाटायचा आणि श्रेय आम्ही साउंडच्या मिक्सरला द्यायचो. तेव्हा जागा बघायला जाल तेव्हा टाळी वाजवा, मग रात्री नऊच्या सुमारास परत जा आणि बाहेर फूटपाथवर दहा मिनिटं गप्प उभे रहा, आजूबाजूला किती शांत आहे ते कळेल. शांत असेल तर खूश होऊ नका, शांत म्हणजे तुमचाच आवाज सगळ्यांना ऐकू जाणार.

कायदा थोडक्यात सांगते कारण यावर वाद खूप होतात. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५. शाळा, कॉलेज, हॉस्पिटल, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथं तर ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, बंदिस्त हॉलना सूट आहे पण ती आतल्या लोकांसाठी, आवाज हद्दीबाहेर गेला की सूट-बिट काही नाही. आता कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला कॉलेजं आणि हॉस्पिटलं किती आहेत ते नाशिककरांना सांगायला नको, आम्ही टेप घेऊन अक्षरशः मोजत फिरलो आणि दोन छान जागा त्यापायी सोडल्या.

शेवटी आनंदवल्लीच्या पुढे एक जागा घेतली. तळमजला, मागे बंगले. आणि इथं आम्ही मोठ्ठी चूक केली. इंटिरियरवाला म्हणाला साउंडप्रूफिंग करून देतो, त्यानं भिंतींना २ इंची फोमचे तुकडे छान डिझाईनमध्ये चिकटवले, बिल दिलं, आम्ही पैसे दिले. फोमनं आतला घुमारा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही, या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! बास गिटारचा आणि किक ड्रमचा खालचा आवाज, समजा ५० हर्ट्झचा, त्याची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, तिला २ इंचाचा फोम काय अडवणार. त्याला वजन लागतं, जाड भिंत लागते, आणि फटी बंद लागतात. ट्रायलच्या दिवशी बँडनं दोन गाणी वाजवली आणि मागच्या बंगल्यातल्या आजी काठी टेकत आल्या. चिडल्या नव्हत्या, त्यामुळे जास्तच लाज वाटली. म्हणाल्या, "गाणं चांगलंय हो तुमचं, पण माझ्या देवघरातली घंटा आपोआप हलतेय."

मग काय, उघडायच्या दहा दिवस आधी तोडफोड. स्टेज बंगल्याकडच्या भिंतीला होतं ते उचलून रस्त्याकडच्या बाजूला आणलं, मागची ४ इंची भिंत होती तिच्यापुढे थोडी जागा सोडून ९ इंची विटांची दुसरी भिंत बांधली, मधल्या पोकळीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा कापसासारखा थर) भरलं, दरवाजांना रबरी पट्ट्या, सब-वूफर (खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर) जमिनीवरून उचलून रबरच्या पॅडवर. एक्झॉस्टच्या डक्टमधून आवाज बाहेर जात होता ते तर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जागा अडीच फुटांनी कमी झाली, दोन टेबलं गेली, काका दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण त्या दोन टेबलांचं मला अजिबात दुःख नाही, तक्रारी सुरू झाल्या असत्या तर सगळीच टेबलं गेली असती. आणि अंड्याचे ट्रे भिंतीला लावा असं सांगणारा माणूस भेटला तर त्याला ऑम्लेट खाऊ घाला आणि घरी पाठवा.

वायरिंगचं एक सांगायचं राहिलंच. किचनचे मोठे मिक्सर, डीप फ्रीजर, एक्झॉस्ट आणि स्टेजचा साउंड एकाच फेजवर टाकू नका, अर्थिंग चोख करून घ्या, नाहीतर स्पीकरमधून सतत हूं असा आवाज येत राहतो आणि नेमका हळू गझलेत तो ऐकू येतो. आमच्याकडे तर पास-थ्रूची खिडकी, म्हणजे किचनमधून ताटं बाहेर द्यायची, स्टेजच्या जवळ आली होती, गायिकेनं डोळे मिटून आलाप घेतला आणि आतून मिक्सरवर चटणी. घुर्रर्र. तेव्हापासून नियम, गाणं चालू असताना चटणी वाटायची नाही, सगळी वाटणं सहाच्या आत.

आता वेळापत्रक, यात मात्र काकांचं डोकं मानलं पाहिजे. आषाढ अमावस्येला जुन्या जागेत शेवटची मैफल केली आणि श्रावणात बंद केलं, कारण श्रावणात नॉनव्हेजचा धंदा तसाही अर्धा होतो. पुढे गणपती, मग पितृपक्ष, त्यात नवीन जागेत पाऊल टाकायचं नाही यावर काका ठाम. म्हणजे घटस्थापनेला उघडायचं, हातात बरोब्बर दोन महिने. कागदावर सुंदर प्लॅन होता. प्रत्यक्षात गणपतीत आमचा सुतार गावी गेला तो विसर्जन करूनच उगवला, साउंडवाले सगळे मंडळांकडे, आणि खरी गंमत घटस्थापनेला, आमचा ड्रमर आणि कीबोर्डवाला दोघेही नऊच्या नऊ रात्री गरब्याला बुक! त्यांची चूक नाही, वर्षातली कमाई असते ती. नऊ दिवस आम्ही फक्त हार्मोनियम, तबला आणि एक गायिका यांच्यावर काढले. एका अर्थी बरंच झालं, कारण नवीन खोलीचा आवाज आम्हाला हळू वाद्यांवर समजून घेता आला. रिकाम्या हॉलमध्ये केलेला साउंडचेक माणसं भरल्यावर साफ बदलतो, माणसांचे कपडे आणि अंगं आवाज पितात, त्यामुळे पहिले काही दिवस प्रत्येक मैफलीत सेटिंग बदलत होतं. तबलजींची वेगळीच तक्रार, एसीचा झोत थेट तबल्याच्या पुडीवर (वरच्या चामड्यावर) येतोय, सूर टिकत नाहीये. एसीच्या झडपा फिरवल्या तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

एक इच्छा राहून गेली. लंडनमध्ये रॉनी स्कॉट्स म्हणून जाझ क्लब आहे, १९५९ मध्ये जेरार्ड स्ट्रीटवर सुरू झालेला. १९६५ मध्ये ते फ्रिथ स्ट्रीटवरच्या मोठ्या जागेत गेले पण जुनी जागा भाडेकरार संपेपर्यंत, १९६७ पर्यंत, नवीन वादकांसाठी चालू ठेवली. मी काकांना म्हटलं निदान एक महिना आपण दोन्हीकडे चालवू, लोकांना सवय होईल. काका म्हणाले, "दोन भाडी तू भरतेस का?" विषय संपला. पण ज्यांना परवडत असेल त्यांनी नक्की करा, कारण गिऱ्हाईक फेसबुकवरची पोस्ट वाचत नाही. वर्षानुवर्षं येणारा माणूस गुरुवारी सव्वासातला गाडी काढतो आणि सवयीनं जुन्याच गल्लीत वळतो. आम्ही काय केलं, जुन्या बिल्डिंगच्या वॉचमन मामांना कार्डांचा गठ्ठा आणि महिन्याला थोडे पैसे ठरवून दिले, ते येणाऱ्या प्रत्येकाला गाडी कुठून वळवायची ते सांगायचे. गुगल मॅपवर नवीन पिन टाकताना जुनं लिस्टिंग डिलीट करू नका, तेच हलवा, नाहीतर २२ वर्षांचे रिव्ह्यू पाण्यात. एक आजोबा तरी येऊन म्हणालेच, "माझा खांब कुठाय?" जुन्या जागेत ते कायम एका खांबाला टेकून बसायचे. नवीन जागेत मध्ये खांबच नाहीये, आता ते भिंतीकडेला बसतात पण अजून कुरकुरतात.

दहाच्या नियमामुळे मैफल साडेसातऐवजी सातला आणली आणि पावणेदहाला शेवटचं गाणं. बंदिस्त हॉल आहे, थोडं पुढे ताणता येईल असं म्हणणारे भेटले, मी नाही ताणलं. यामुळे किचनला मात्र एक मोठी गर्दी होती त्याच्या दोन झाल्या, सातच्या आधी स्टार्टर मागणारे आणि गाणं संपल्यावर भरपेट जेवणारे, म्हणून वेटरच्या शिफ्टा फोडाव्या लागल्या आणि त्यावरून दोन जुनी मुलं सोडून गेली. शिफ्टिंगमध्ये स्टाफ कसा टिकवायचा यावर माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही, बंद काळातला अर्धा पगार आम्ही दिला, तो पूर्ण द्यायला हवा होता असं माझं अजूनही मत आहे आणि ते काकांना माहीत आहे.

तर नवीन लागणाऱ्यांनो, इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पगाराआधी हे विचारा की इथं साउंडची जबाबदारी कोणाकडे, आणि शेजारी कोण राहतं. उत्तर देताना समोरचा चाचरला तर समजून जा की ते काम तुमच्याच गळ्यात पडणार आहे. माझ्या गळ्यात पडलंय, दर शुक्रवारी बँड सुरू झाला की मी पाच मिनिटं मागच्या गेटपाशी जाऊन उभी राहते. आजी व्हरांड्यात असल्या तर हातानंच विचारते, त्या आत जाऊन घंटेकडे बघून येतात आणि मान हलवतात, मग मी फ्लोअरवर परत येते.